वैजूच्या नावाचं न्हाण

"हे कशानं धुतेस गं डोकं?"

मी मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहून ओले केस पंच्याने खसाखसा पुसत होते. घरमालकीणबाईंनी माझी शांपूची फाटकी पुडी दोन बोटांत धरली, नाकापाशी नेऊन हुंगली आणि बंबाच्या राखेत टाकून दिली.

"शांपू आहे काकू. आधी शिकेकाईचा साबण लावला, मग हा."

"आणि पाणी बोअरचं."

"मग दुसरं कुठलं? नळाचं आठवड्यातून एकदा येतं, ते प्यायलाच पुरत नाही."

"म्हणूनच सुतळी झाली बघ," असं म्हणून त्यांनी माझी एक बट उचलली आणि नुसती सोडून दिली. बट होती तिथेच ताठ उभी राहिली.

मी लहानपणापासून तोंडाची फटकळ. एरवी कुणी माझ्या केसांना सुतळी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण त्या दिवशी डोळ्यांत पाणीच आलं, कारण बाई खरं बोलत होत्या. गुहागरला असताना माझे केस कमरेपर्यंत होते, कुरळे, दाट, आईच्या शब्दांत सांगायचं तर करवंदीची जाळी. लग्नाच्या फोटोत सरळ केस हवेत ही अवदसा मलाच आठवली. मुंबईला मावसबहिणीने पार्लरमध्ये नेलं, औषध लावून केस सरळ करून आणले. दोन महिन्यांत मुळाशी कुरळे आणि खाली झाडूच्या काड्या, असं माझं ध्यान झालं. त्यात मुकुंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, टेलिफोन खात्यातली बदली थेट उदगीरला. तिथल्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाचा फेस व्हायचा नाही. रोज कंगव्यात मूठभर केस यायचे आणि मी ते मोजायला बसायचे.

"रविवारपर्यंत काही लावू नकोस," कमळाकाकू म्हणाल्या. "रविवारी मी धुते. माझ्या सुनेचे असेच होते, कुरळे."

"कुठे असतात सूनबाई?"

"वारली. चार वर्षं झाली." पुढचं वाक्य त्यांनी जरा घाईनेच म्हटलं. "तुझे केस होते तसे करून देते. पण माझं एक काम करायचं. अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण म्हणून बसायचं माझ्याकडे. सकाळी मी न्हाऊ घालणार, मग नवी साडी, मग जेवण. गावात कुणी बसायला तयार नाही."

ही चाल आमच्याकडेही होती. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला एखाद्या सवाष्णीला न्हाऊमाखू घालून जेवायला बसवायचं. तिचं पोट भरलं की गेलेलीचं भरलं, असं धरतात. आणि मी काही पुरणपोळीला नाही म्हणणाऱ्यांतली नव्हे. गावात कुणी का तयार नाही, हे विचारायचं भान मला राहिलं नाही. मला माझे केस हवे होते. मी हो म्हणून मोकळी झाले.

कमळाताई हंडरगुळीकर तेव्हा साठीच्या असतील. नवरा कधीच गेलेला, मुलगा विनायक औरंगाबादला नोकरीला. तो सणालासुद्धा यायचा नाही. शहाबादी फरशीचं बैठं घर, पुढच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड, मागच्या दोनांत त्या. मोरी मात्र एकच, मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली.

रविवारी त्यांनी मोरीसमोर तीन वाट्या मांडून ठेवल्या होत्या.

"हा रिठा," पहिली वाटी पुढे सरकवत त्या म्हणाल्या. "सोनाराला ठीक. दागिन्याची मळी काढतो तशी डोक्यातलं सगळं तेल ओढून घेतो. तुझ्या केसात ओढायला उरलंय काय? ही शिकेकाई. चांगली असते, पण तुझ्या केसाला नुसती नको, कोरडी पडते. चिमूटभर घेऊ, मळापुरती. आणि हे खरं."

तिसऱ्या वाटीत जवस उकळून गाळलेलं बुळबुळीत पाणी होतं. त्यात त्यांनी जास्वंदीची पानं टाकली आणि तळहाताने चुरली. हिरवट, चिकट, जेमतेम फेसाचं काहीतरी तयार झालं. मला ते शेंबडासारखं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"फेस म्हंजे स्वच्छ, हे कुणी सांगितलं तुला?" त्यांनी एक थेंब माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लावला आणि मला अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. खाज सुटली नाही, तेव्हा कुठे डोक्याला हात लावला.

पाणी शेजारच्या आडाचं, त्यांनी स्वतः शेंदून आणलेलं. आधी केसांना कोमट तेल, मग भरपूर पाणी. ते चिकट औषध फक्त टाळूला, नखं न लावता, बोटांच्या पेरांनी. खालच्या केसांना काहीच नाही. वरून ओघळेल तेवढंच त्यांच्यासाठी पुरे, असं त्यांचं म्हणणं. केस बुळबुळीत असतानाच त्यांनी गुंता सोडवायला घेतला, कंगव्याने नाही, बोटांनी, टोकापासून वर वर. आणि प्रत्येक गाठीला विचारायच्या, "दुखायलंय का?"

"नाही काकू."

"आता?"

"नाही हो."

शेवटी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात केस नुसते दाबले. माझा पंचा त्यांनी पायपुसण्यात जमा केला होता.

आषाढ गेला, श्रावण आला. दर रविवारी हे न्हाण. पाच-सहा आठवड्यांत कंगव्यातले केस कमी झाले. झाडूच्या काड्या त्यांनी महिन्याला बोटभर कापून टाकल्या आणि वरून माझे मूळचे कुरळे केस खाली उतरू लागले, ओले असताना वळ्या पडायच्या आणि वाळल्यावरही टिकायच्या. मी दिवसातून दहा वेळा आरशात बघायचे. मुकुंद म्हणायचा, आता काकूंशीच संसार कर.

पण काही गोष्टी मला दिसत होत्या. मोरीत त्या दोन पाट मांडायच्या. एकावर मी बसायचे. दुसरा त्यांच्यासाठी असेल असं मी धरून चालले होते, पण त्या कायम उकिडव्या बसायच्या. एक तांब्या माझ्या डोक्यावर ओतायच्या आणि मध्येच एक त्या रिकाम्या पाटावर. विचारलं तर म्हणाल्या, "पाट उलतो, भिजलेला बरा." पटण्यासारखं होतं, म्हणून मी पटवून घेतलं.

मग एका रविवारी मी खाली वाकले होते, नाकातोंडात पाणी जात होतं. त्यांनी विचारलं, "दुखायलंय का?" तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून मी गप्प राहिले. क्षणभराने त्या म्हणाल्या, "बरं बरं. सावकाश घेते."

मी मान वर केली. "मी काही बोलले नाही काकू."

"तुला नाही म्हणाले," त्या म्हणाल्या आणि पुढची बट हातात घेतली.

पाणी कोमट होतं, तरी मला हुडहुडी भरली. तरीही पुढच्या रविवारी मी पाटावर जाऊन बसलेच. केसांचा मोह वाईट, दुसरं काय.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. नवमीला चार दिवस होते. शेजारच्या रझियाभाभी त्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या, मी हात लावायला वर गेले होते. माझे केस बघून म्हणाल्या, "क्या बात है, कमळाबाईनं धुतले वाटतं?"

"हो. नवमीला त्यांच्या सुनेच्या नावाने बसणार आहे मी."

भाभींचे हात थांबले. "तुम्हाला सांगितलं का त्यांनी, वैजू कुठं गेली ते?"

"नाही."

"त्याच मोरीत. डोकं धुता धुता. मी इथूनच बघितलं, त्यांनी हाका मारल्या तेव्हा. म्हणून कोणती बाई तिथं न्हायला बसत नाही. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

मी पाच महिने त्या मोरीत रोज अंघोळ करत होते. खाली उतरले ती तशीच कमळाकाकूंच्या स्वयंपाकघरात गेले आणि उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

त्या जवस निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सांगितलं असतं तर बसली असतीस?"

"नसते बसले."

"म्हणून." मग सूप बाजूला ठेवलं. "बस. सांगते. मग यायचं का नाही तू ठरव. मला तिचे केस डोळ्यांसमोर नको व्हायचे. सारखे विस्कटलेले, जेवणात यायचे. दर रविवारी धरून बसवायची आणि धुण्याचा सोडा घालून घासायची. वरून फणी. ती रडायची. मला वाटायचं, वळण लागायलंय. मग शेवटी शेवटी म्हणायला लागली, डोकं दुखायलंय. सकाळी दुखायलंय, संध्याकाळी दुखायलंय. मला वाटलं रविवार टाळायची नाटकं. त्या दिवशीही म्हणाली. मी म्हणलं, गप बस, आणि तांब्या ओतला. तशीच कलंडली. डोक्यातली शीर फुटली म्हणाले डॉक्टर. पंधरा दिवस आधी दाखवायला हवी होती म्हणाले."

मी तिथेच जमिनीवर बसले.

"हे जवस, ही जास्वंद, हे सगळं ती गेल्यावर शिकले मी. लातूरला एका वैद्यबाईकडं जाऊन जाऊन शिकले. कशासाठी, देवाला माहीत. ज्या डोक्यासाठी शिकायचं ते गेलं." त्यांचा आवाज कोरडाच होता, रडत नव्हत्या. "विनायक माझं तोंड बघत नाही. बरोबर आहे त्याचं. मला दुसरं काही नको. तिच्या नावानं बसलेल्या सवाष्णीनं त्याच मोरीत, त्याच पाटावर एकदा म्हणावं, आता दुखत नाही म्हणून. मग मी मरायला मोकळी."

मुकुंदला सांगितलं तर तो भडकलाच. "घर बदलू. वेड्या बाईच्या हातात डोकं द्यायला निघालीस तू." मीही हो म्हणाले. पण रात्र उलटली आणि मला त्यांची पेरं आठवायला लागली. सगळ्या गुंत्यात एकही केस न तोडणारे ते हात कुठल्या जिवासाठी शिकले होते, हे आता मला कळलं होतं. एक शब्द तर बोलायचा होता. 'नाही'. तो मी दर रविवारी पन्नासदा बोलतच होते. मला त्या बाईची दया आली, आणि मी जायचं ठरवलं. मुकुंद डबा न घेताच ऑफिसला गेला.

नवमीला सकाळी आठच्या सुमारास मी मोरीत गेले. स्वयंपाक पहाटेच झाला होता, पुरणाचा वास अंगणभर होता. आज पाट एकच होता. रांगोळी काढलेली, बाजूला हळदकुंकू आणि नव्या साडीची घडी. कमळाकाकूंनी मला कुंकू लावलं, तेल लावलं, पाणी ओतलं. रोजच्यासारखंच सगळं, फक्त त्या काही विचारत नव्हत्या. ऊन पत्र्यावर तापायला लागलं होतं, भाभींच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं, आणि मला खरंच भीती वाटत नव्हती. मी जिभेवर 'नाही' धरून बसले होते.

"वैजू," त्या म्हणाल्या. "दुखायलंय का गं?"

"दुखायलंय, आत्या."

आवाज माझाच होता. माझ्याच तोंडातून आला, मी तो माझ्याच कानांनी ऐकला. माझा उजवा हात वर उचलला गेला आणि उजव्या कानामागे, जरा वर, जाऊन टेकला. "हितं. पंधरा दिवस झाले सांगायलेय की तुम्हाला."

आणि मला काहीही दुखत नव्हतं. हे मी तेव्हाही शपथेवर सांगितलं असतं आणि आज अठ्ठावीस वर्षांनीही सांगते. ठणका नाही, कळ नाही, काही नाही.

कमळाकाकूंचे हात माझ्या केसांत तसेच थांबले. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. त्यांनी हात हळूच बाहेर काढले, अगदी एकेक बोट, आणि म्हणाल्या, "राहू दे मग. राहू दे बाळा. नको धुवायला."

केसांतलं औषध तसंच होतं. त्यावर त्यांनी आपला पदर गुंडाळला, मला धरून उठवलं आणि अंगणात उन्हात आणून बसवलं. मग समोर बसून माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला आत्या म्हणायला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. काकू, मला नाही माहीत मी असं का..."

"वैजू माझ्या सख्ख्या भावाची लेक. आमच्यात मामाची मुलगी करतात. सून झाली तरी मला आत्याच म्हणायची. तुमच्या कोकणात असं नसतं ना?"

"नाही. आमच्यात नात्यात लग्न करत नाहीत. सासूला आत्या कुणी म्हणत नाही."

"रझियानं सांगितलं?"

"नाही हो." आता मला रडू फुटलं. "चुकून गेलं तोंडातून. मी 'नाही'च म्हणणार होते. परत विचारा, मी म्हणते."

"परत नाही विचारायचं," त्या म्हणाल्या. "एकदा सांगितलंय तिनं. कपडे बदल. डॉक्टरकडं जायचंय."

"मला काही होत नाहीये काकू."

"तुला नसेल होत. दुखायलंय तर खरं."

ताट वाढलेलं होतं. नैवेद्य दाखवायचा होता, सवाष्ण न्हाण अर्धं टाकून उठलेली, उपाशी. श्राद्धाचा स्वयंपाक असा टाकून जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी पितर जेवतात त्यालाच कळेल. चार वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, तो दिवस त्या बाईने कुलूप लावून बंद केला. मला म्हणाल्या, "पितर थांबतील. त्यांना काय घाई आहे."

उदगीरच्या डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, ताकदीच्या गोळ्या दिल्या. काकू दवाखान्यातून हलेनात. "डोक्याचा फोटो काढायची चिठ्ठी द्या, हैदराबादची." डॉक्टर हसले, मुकुंद तिथे आला तो संतापला, मी शरमेने मेल्याहून मेल्यासारखी झाले. जवसाचं पाणी वाळून केस पापडासारखे कडक झाले होते आणि लोक वळून बघत होते. काकूंनी कुणाचं काही मनावर घेतलं नाही. चिठ्ठी मिळेपर्यंत त्या डॉक्टरांच्या दारात खाली बसून राहिल्या. मुकुंद शेवटी त्यांचा नाद तुटावा म्हणून तयार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही तिघं निघालो.

हैदराबादच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर मूळचे नांदेडचे होते. त्यांनी आधी एक फोटो काढला, मग दुसऱ्या दिवशी आणखी एक, शिरेत औषध सोडून. मग मुकुंदला आणि मला आत बोलावलं. काकू न बोलावता आल्या.

"इथे शिरेला फुगा आलाय," डॉक्टर पेनाचं टोक फोटोवर टेकवत म्हणाले. "उजव्या कानाच्या मागे, थोडा वर. भिंत फार पातळ झालीय. कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही," मी म्हटलं.

"मधूनमधून तरी?"

"कधीच नाही."

ते गोंधळले. "बरोबर आहे, हा फुटेपर्यंत दुखत नाही बहुतेक वेळा. आणि फुटला की पेशंट आमच्यापर्यंत येतोच असं नाही. पण मग तुम्ही फोटो काढायला आलात कशा?"

मुकुंदने माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं. काकू फोटोकडे बघत होत्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हावी आला आणि माझं डोकं त्याने साफ भादरलं. तीन महिने एकेक वळी करून मिळवलेले केस वर्तमानपत्रावर पडले. मरणाच्या दारात होते, पण मला आठवतं, मी केसांसाठीच रडत होते. काकू शेजारी बसल्या होत्या. कागदाची पुडी त्यांनी बांधू दिली नाही, केराच्या डब्यात टाकायला लावली. "येतील," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन सहा तास चाललं. मी शुद्धीवर आले तो दिवस कुठला, ते मला मुकुंदने नंतर सांगितलं. डॉक्टर खाटेपाशी आले तेव्हा दुपारची चारची वेळ होती. त्यांनी मला बोटं हलवायला लावली, माझं नाव विचारलं. मी वृंदा म्हणाले. ते हसले आणि जायला निघाले, तेवढ्यात काकू त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. तीन दिवस त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या, लुगडंसुद्धा बदललं नव्हतं.

"डॉक्टर, पोरीला वेळेवर आणली ना मी?"

"अगदी वेळेवर, आजी. आणखी आठ-पंधरा दिवस गेले असते तर हाताला लागली नसती."

"पुन्हा एकदा सांगा."

डॉक्टरांना ते विचित्र वाटलं असावं, पण माणूस चांगला होता. ते थांबले आणि मोठ्याने, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "तुम्ही पोरीला वेळेवर आणलीत."

"ऐकलंस का गं?" काकू म्हणाल्या.

मी हो म्हणणार होते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. खाटेच्या पलीकडे, खिडकीजवळ, जिथे कुणीच नव्हतं, तिकडे बघून त्या पहिल्यांदाच रडत होत्या.